रेषेवरचा बिंदू हलत नाही

गणितापुढे सगळे सारखे असतात, असं आमचे सर पहिल्याच तासाला म्हणाले. मग हजेरी घेताना त्यांनी मला गाव विचारलं. कुसगावच्या वरची ठाकरवाडी, मी सांगितलं.

"अस्सं. मागं बस. आणि लिहून घ्या रे, शून्यावर कुठलंही रेषीय रूपांतरण करा, शून्यच उरतं."

वर्ग हसला. मी मागं जाऊन बसले. विधान बरोबर होतं, हे नंतर पुस्तकात वाचलं. त्यानं किळस जास्तच आली.

पुस्तक मात्र मला आवडलं. रूपांतरण म्हणजे कागदावरच्या प्रत्येक बिंदूला एका नियमानं हलवणं. दोन दिशांचं काय होतं तेवढं कळलं की सगळ्या कागदाचं कळतं. ते आकड्यांच्या चौकटीत मांडलं की झालं मॅट्रिक्स. कुठल्या दोन दिशा घ्यायच्या, हे आपण ठरवायचं. दिशा बदलल्या की आकडे बदलतात. रूपांतरण तेच राहतं.

मला हे ओळखीचं वाटलं. बा बंगल्यांच्या कामावर दगडी बांध घालतो. प्लॉट उतारावर असला की आधी उताराच्या अंगानं दोरी ताणतो, मग गुण्या लावून काटकोनात दुसरी. "डोंगराला इचारून दोरी लावली का काम हलकं हुतं," म्हणतो.

चाचणीत प्रश्न आला. एक तिरपी रेषा, दोन पावलं आडवी गेली की एक पाऊल वर चढणारी. ती आरसा समजा आणि प्रतिबिंबाचं मॅट्रिक्स काढा. दिशा कुठल्या, ते दिलं नव्हतं. सगळ्यांनी नेहमीची आडवी-उभी घेतली आणि अपूर्णांकांत बुडाले. मी एक दिशा रेषेच्या अंगानं घेतली, दुसरी काटकोनात. पहिली जागची हलत नाही. दुसरी उलटी होते. एक, उणे एक, बाकी शून्यं. तीन ओळी.

पाचपैकी शून्य मिळालं. शेजारी लाल शाईत लिहिलं होतं : नक्कल.

"कुणाची नक्कल, सर? असं उत्तर वर्गात कुणाचंच नाही."

"म्हणूनच. एवढं सुटसुटीत तुला सुचणार नाही. उद्या बापाला घेऊन ये."

बा कामावरून तसाच सरांच्या खोलीत आला. पायाला लाल माती. सरांनी शिपायाला पायपुसणं आणायला लावलं आणि बाला त्याच्यावर उभं केलं. फरशी नवी होती. चहा आला, एकच कप. सर फुंकर मारत प्यायले. माझा पेपर दोन बोटांनी कोपऱ्यात धरला आणि मग तीच बोटं रुमालाला पुसली.

"हे बघ," ते बाला म्हणाले. बा त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा. "हिनं नक्कल केल्याचं कबूल करून माफी लिहून दिली, तर पास करतो. नाहीतर वर्ष जाईल."

बानं हात जोडले. "चुकलं आसंल, सायेब. लिवून दे, पोरी." मग त्याची नजर पेपरावरच्या आकृतीवर गेली. "पर ही तर आपली दोरी हाय. उताराची."

सर खो खो हसले. "घ्या. आता गवंडी लिनिअर अल्जेब्रा शिकवणार."

  मी म्हणाले, "बा, हात खाली घे."

"आगं..."

"खाली घे म्हणते ना."

सरांचं आदर्श उत्तर टेबलावरच होतं. मी खडू उचलला आणि ते भिंतीवरच्या फळ्यावर उतरवलं. मग आरशाच्या रेषेवरचाच एक बिंदू घेतला, दोन आणि एक. तो जागचा हलायला नको. काचेवरचा डाग आरशात दुसरीकडे दिसत नाही. सरांच्या मॅट्रिक्सनं गुणला. दोन पंचमांश आणि अकरा पंचमांश. बिंदू रेषा सोडून गेला होता. सरांनी आरसा लिहायच्या जागी कागद गोल फिरवला होता. एक उणे चिन्ह चुकीच्या जागी पडलं होतं.

सरांनी आदर्श उत्तराचा कागद पालथा घातला. मग म्हणाले, "छपाईची चूक."

"उत्तर तुमच्या हातानं लिहिलंय, सर."

शिपाई खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

माफीनाम्याचा कागद मी कोराच परत ठेवला. प्राचार्यांना अर्ज केला, पेपर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या म्हणून. बाला रस्त्यापर्यंत सोडायला गेले, तेव्हा तो घाबरलेला होता. म्हणाला, "मोठ्या मान्सासंगट वाकडं कशापाई?" त्याला सांगितलं, आपण शिकलो ते असल्या पायपुसण्यावर उभं राहायला नाही. यापुढं तू कुणापुढं हात जोडायचे नाहीस, आणि मीही नाही. कुणी मोठा आहे म्हणाला, तर आधी फळ्यावर मांडून दाखवू दे.

पेपर पुन्हा तपासला गेला. पाचपैकी चार मिळाले. एक गुण अक्षरासाठी कापला होता.