पिशवी बांधलेलं नाक

ओझरजवळच्या आमच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गारव्यासाठी लागणाऱ्या विषारी अमोनिया वायूची गळती ओळखणारी यंत्रं भिंतींवर बसवली आहेत. ती तपासायला दर तीन महिन्यांनी घोटीचा एक माणूस येतो. यंत्राला तो 'नाक' म्हणतो. बाटलीतला गॅस त्याला थोडासा हुंगवतो आणि भोंगा वाजला की खूश होतो, "सर्दी नाय, तब्येत झकास हाय!" यंत्राशी तो हळू बोलतो, आमच्याशी मात्र ओरडून.

मागच्या हंगामात कंप्रेसरच्या खोलीतल्या यंत्रावर त्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली दिसली. त्याने मॅनेजरांना बोलावलं.

"फरशी धुताना पाणी उडालं की उगाच बोंबलतं ते," मॅनेजर म्हणाले. "वास काय, इथे नेहमीचाच."

"साहेब, तुम्हाला सवय झाली. याला नाय होत." त्याने पिशवी ओढून काढली आणि भोंगा वाजला. या वेळी तो हसला नाही.

"ताई, बायकांना बाहेर काढा!" तो माझ्याकडे बघून ओरडला; पॅकिंगची देखरेख माझ्याकडे होती. पॅकिंगच्या तीस बायकांना आम्ही फाटकाबाहेर नेलं. मॅनेजरांना त्याने दंडाला धरून आणलं. कंप्रेसर चालवणाऱ्या ऑपरेटरने मास्क चढवून गळकी झडप बंद केली.

तासाभराने मॅनेजर घाम पुसत म्हणाले, "वाचलो बुवा. झालं ना आता तुझं समाधान?"

"कुठलं साहेब? अजून तीन नाकं राहिलीत," म्हणत त्याने शिडी उचलली.

मॅनेजरांनी शिडीचं दुसरं टोक धरलं.