तळहात बघणारे मामा

माझ्या मामांइतका कायदा पाळणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर लोकांनी त्याला वेड्यात काढून घरी बसवला असेल. मामा आमच्या आजोळच्या मजूर सोसायटीचे चेअरमन. आजोळ चौसाळ्यापासून बरंच आत, माळावर. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जाणार. ज्याच्याकडे फावड्याखेरीज काही नाही त्यालाही कंत्राटदार होता यावं, म्हणून सरकारी कामांतला काही वाटा टेंडरशिवाय मजुरांच्या सोसायट्यांना द्यायचा, असा सरकारचा नियम होता. अट एवढीच की सभासद खराखुरा मजूर पाहिजे. आजूबाजूच्या सोसायट्यांत ही अट कागदावर सुखानं नांदत होती आणि तिथं पुढाऱ्यांचे मेहुणे, साडू आणि एक सोनारसुद्धा मजूर म्हणून मिरवत होते. मामांनी मात्र ती अट मनावर घेतली.

आता मजूर ओळखायचा कसा? मामा तळहात बघायचे. घट्टे असले तर सभासद, नसले तर चहा पिऊन चालू लागा. पुढे पुढे ही खोड अशी जडली की रामराम करायला आलेल्याचाही हात ते उलटा करून बघत. माझ्या बहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा पोह्यांची बशी बाजूला सारून मामांनी त्याचा पंजा हातात घेतला, अंगठ्यानं दाबला आणि सगळ्यांदेखत शेरा मारला, "पोरगं कचेरीत हाय म्हन्त्यात, पर बोटाला शाईचा डाग न्हाई." ते लग्न झालं ही त्या मुलाचीच भलाई. कपिलधारला दर्शनाला गेलो तर तीर्थ देणाऱ्या पुजाऱ्याचाही हात त्यांनी धरून ठेवला आणि मागची रांग खोळंबली. मी शाळामास्तर. माझ्या बोटावर पेन धरून पडलेला बारीकसा घट्टा त्यांनी बराच वेळ चाचपला आणि मोठ्या मनानं मला अर्धा सभासद ठरवलं.

मग तो दुष्काळ आला. ऊसच वाळून गेला, तर तोडायचा काय? तोडीची माणसं गावातच अडकली. तेवढ्यात गावच्या पाझर तलावाचं काम सोसायटीला मिळणार असं कळलं, आणि गावातले मोठे जमीनदार बापू पेढे घेऊन मामांकडे आले. बापूंकडे खोदाईचं यंत्र होतं. त्यांना आणि त्यांच्या मुलांना सभासद करून घ्यायचं, नाव सोसायटीचं, काम यंत्राचं, असा साधा सरळ बेत. मामांनी पेढा खाल्ला, बापूंचा अंगठीवाला हात बघितला आणि म्हणाले, "लई मऊ हाय, बापू. तुमाला न्हाई घेता येत."

बापू हसत गेले आणि त्यांनी तक्रार ठोकली, की चेअरमन स्वतःच मजूर नाही. पंचाईत अशी की तक्रार खरी होती. उसाच्या गाडीवरून पडून मामांची पाठ गेली, तेव्हापासून बीडच्या कचेरीत खेटे घालणं एवढीच त्यांची मजुरी उरली होती. चौकशीला सहकार खात्याचे साहेब येणार म्हटल्यावर गावाच्या तोंडचं पाणी पळालं. काम गेलं तर खायचं काय? कुणी सुचवलं की मामांनी हात विटेवर घासावेत. मामा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

पारावर सगळं गाव जमलं. साहेबांनी काही विचारायच्या आधीच मामांनी दोन्ही हात पुढे केले. "मऊ पडलेत, साहेब. माजं नाव काडा. पर काम सोसायटीचंच ऱ्हाऊ द्या." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला त्यांचा भयंकर राग आला. पण साहेब भले निघाले. सभासदांतूनच खरा मजूर आत्ताच्या आत्ता चेअरमन निवडा, म्हणाले. माणसं एकमेकांमागे लपू लागली, कारण चेअरमनला कचेरीत जाऊन बोलावं लागतं. शेवटी कुणीतरी मामींचं नाव घेतलं. बोलण्यात मामी कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या, आणि सभासद तर पहिल्या दिवसापासून होत्या.

बापू उठले. "ह्यांचा हात कुनी तपासला हुता?"

मामांची मान खाली गेली. पंचक्रोशीचे हात बघितलेल्या या माणसानं बायकोचा हात कधी बघितलाच नव्हता. चारचौघांत नवऱ्यानं बायकोचा हात धरायचा नाही ही आमच्याकडची रीत, आणि घरात हात धरून बसायला सवड कुणाला? पण नियम तो नियम. मामी पदर सावरत पुढे आल्या आणि साऱ्या गावासमोर मामांनी त्यांचा हात धरला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमच्याकडे नवरा-बायको मिळून तोडीचा एक कोयता धरतात. मामांची पाठ गेल्यापासून मामी भावाच्या जोडीनं तो कोयता चालवत होत्या, हे गावाला माहीत होतं आणि मामांनाही. तरी त्या तळव्यावरून फिरताना मामांचा अंगठा मधेच अडला. कोयत्याची मूठ जिथं बसते तिथं मांस उरलं नव्हतं, नुसतं वाळलेलं कातडं होतं.

"कावून गं, कवा बोलली न्हाईस?"

"समद्या गावाला इचारलंत," मामी म्हणाल्या, "मला कवा इचारलं?"

मामी चेअरमन झाल्या. यंत्र बापूंच्या वाड्यापुढे नुसतंच उभं राहिलं आणि तलाव माणसांनी खणला. मामा पिशवी घेऊन मामींच्या मागं मागं कचेरीत जात आणि शिपायाला दटावून सांगत, की चेअरमनसाहेबांना आधी खुर्ची दे.

परवा आजोळी गेलो होतो. मामींची उजवी बाजू लुळी पडून बराच काळ झाला. आता त्यांचं सगळं मामाच करतात. संध्याकाळी ते बाजेपाशी बसले, माझ्यादेखत मामींचा हात हातात घेतला, तळव्यावरून सावकाश अंगठा फिरवला आणि रोजचाच निकाल दिला, "हायत अजून घट्टे. सभासदकी चालू." मामी अर्ध्या ओठानं हसल्या.

मामा पाणी आणायला उठले, तेव्हा मी सहज मामींचा हात धरला. लेकराच्या तळव्यासारखा मऊ होता. वर बघितलं तर मामा तांब्या घेऊन दारात उभे.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "तपासायचं काम माजं हाय."

मी हात होता तिथं ठेवून दिला.