हवेत थांबलेले तांदूळ

मला लिहिता येतं असं नाही, तेव्हा आधीच माफी मागतो. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजचा कॅमेरा सुट्टीत घरी आणायला मिळाला. तो आनंद कुणाला तरी सांगावासा वाटतो.

आई अंगणात तांदूळ पाखडत होती. कॅमेरा दिसताच तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. आमच्याकडे फोटो असाच काढतात.

"आई, हलत राहा. पाखड तू."

"फोटोत हलायचं नसतं. एवढंही शिकवलं नाही होय तुला?"

हसतच तिनं सूप उचललं. मी शटरचा वेग वाढवून बटण दाबलं. फोटोत तांदूळ सुपाच्या वर हवेतच थांबले होते आणि आई त्यांच्याकडे बघून हसत होती.

"अगं बाई, खाली पडलेच नाहीत की!"

हे हसू रोजचंच असणार. डोळ्यांना सापडायच्या आत ते निघून जातं, आणि आपण म्हणतो, घरात नवीन काही घडत नाही. कॅमेरा नवीन काही आणत नाही, पण आहे ते क्षणभर थांबवून ठेवतो.

फोटो कॉलेजच्या प्रदर्शनाला दिला. "तिथं माझं काय काम?" म्हणून कधी कॉलेजात न आलेली आई म्हणाली, "लागला तर येईन." मग रोज विचारायची, "कळलं का रे काही?"

आज सरांचा फोन आला. फोटो लागलाय, अगदी दारासमोर.