गर्भाशय नॉर्मल

विशाखा गेल्याचा फोन तिच्या मुलीने, प्रज्ञाने केला, तेव्हा मी घाटकोपरला विशाखाच्या पहिल्या डॉक्टरच्या दवाखान्यात तिच्या जुन्या रिपोर्टांच्या प्रती मागत उभी होते. काउंटरवरची मुलगी म्हणत होती, "पेशंटलाच पाठवा ना." मी प्रती घेऊनच निघाले.

याला आता पाच आठवडे झाले. बावीस वर्षं आम्ही एका शाळेत शिकवलं. ती विज्ञान, मी मराठी. मुख्याध्यापकांनाही तोंडावर चूक दाखवणारी बाई. पाळी थांबून तीन वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त जायला लागलं. डॉक्टरने पोटावरून सोनोग्राफी केली. गर्भाशय नॉर्मल. सहा महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी, पुन्हा नॉर्मल. तिने विचारलं, "आतून सोनोग्राफी करू या का? नाहीतर दुर्बीण घालून बघता येईल?" तो हसला. "टीचर, नेट कमी वाचा. या वयात होतं असं." बाहेर येऊन ती म्हणाली, "मला गप्प बसवलं गं त्याने." आणि मी म्हटलं, "अगं, डॉक्टर आहे तो, त्याला कळतं." या वाक्यासाठी मी स्वतःलाही माफ केलेलं नाही.

वर्ष गेलं. शेवटी बोरीवलीच्या एका डॉक्टरबाईंनी गर्भाशयात सलाइन सोडून आतून सोनोग्राफी केली. पोकळी फुगली आणि भिंतीला धरून बसलेली गाठ पडद्यावर स्वच्छ दिसली. मग दुर्बिणीतून तुकडा काढला. कॅन्सर... तोवर फुफ्फुसापर्यंत पोचलेला.

मी त्या पहिल्या डॉक्टरविरुद्ध वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. मागच्या आठवड्यात तो शाळेतच आला. स्टाफरूममध्ये नेमका विशाखाच्या खुर्चीत बसला. तिची शाल अजून खुर्चीच्या पाठीवर आहे. कुणी हलवलेली नाही.

"मॅडम, तक्रार मागे घ्या. आता त्यांना काय उपयोग?"

"आधी उठा तिथून."

तो उठला. दोन्ही डॉक्टरांचे रिपोर्ट मी त्याच्या हातात दिले. "मोठ्याने वाचा." स्वतःचा त्याने भराभर वाचला. बोरीवलीचा वाचताना मध्येच अडखळला, माझ्याकडे बघू लागला. मला दया येईल असं त्याला वाटलं असावं.

"पुढे वाचा," मी म्हटलं.

सगळा वाचून झाल्यावर तो निघून गेला. तक्रार तशीच आहे; सुनावणीसाठी मी रजा टाकली आहे. तो गेल्यावर शाल नीट केली. खुर्ची त्याच्या बसण्याने अजून कोमट होती. ओलं फडकं आणून मी ती दोनदा पुसून काढली.