नीट बघून सांगा

नगरच्या दवाखान्यात मी डोक्याला मार लागलेल्या माणसांची स्मरणशक्ती तपासते. श्रीगोंद्याकडच्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरनं मला अगदी जेरीस आणलं होतं. उसाची ट्रॉली उलटून त्यांच्या मेंदूला इजा झाली होती. आधी दाखवलेलं चित्र दोन चित्रांतून ओळखायचं, एवढीच सोपी चाचणी. पण कागदाकडे बघायच्या आधीच ते म्हणायचे, "न्हाई आठवत, म्याडम." मग जांभई, मग "लई उकडतंय", मग बाहेर बसलेल्या बायकोनं चहा घेतला का याची चौकशी. दर खेपेला हेच.

शेवटी मी वैतागून म्हणाले, "तुम्ही प्रयत्नच करत नाही. अशा तपासणीचा काय उपयोग?"

ते हळू म्हणाले, "जोर लावला अन् तरी न्हाई जमलं, तर मंग मी काय समजायचं?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दोन्ही चित्रं डोळे बारीक करून बघितली. कपाळावर घाम आला. मग एका चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हेच ना?"

ते नव्हतं. त्यांनी टाळाटाळच केली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.