अडाणच्या डोहात मासे निरंक

एका जागी बसणं मला जन्मात जमलं नाही, आणि सरकारनं मला नोकरी दिली ती नेमकी बसायची. मानोऱ्याच्या खालच्या अंगाला अडाण नदीत एक खोल डोह होता. त्याच्या काठावर दिवसभर बसायचं आणि तिथले मासे कुणी धरत नाही ना, एवढं बघायचं. हुद्दा रखवालदार. खाकी कपडे, एक काठी, एक शिट्टी आणि एक रजिस्टर. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता. आमची कचेरी अकोल्याला.

डोहातला मासा म्हणजे महाशीर. अंगावर बंद्या रुपयाएवढे खवले, पाठ काळपट, पोटाकडे पिवळी झाक, आणि ओठ असे जाड की तोंडात पानाचा विडा धरलाय असं वाटावं. पूर्वी म्हणे नदीभर होता. पुढे रस्त्याच्या कामावरचे सुरुंग चोरून लोकांनी डोहांत उडवले, उन्हाळ्यात विष कालवलं, टोपल्या भरभरून बाजारात नेल्या. उरला तो एवढ्याच डोहात. म्हणून हुकूम निघाला आणि काठावर पत्र्याची पाटी लागली: या डोहात महाशीर जातीचा मासा धरणे, मारणे, बाजारात नेणे वा विकणे यास सक्त मनाई आहे. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. खात्याचा परवाना असलेल्या गळकऱ्यांस ही मनाई लागू नाही. पाटी मी रोज वाचायचो, कारण दुसरं वाचायला काही नव्हतं. पण ती शेवटची ओळ मला तेव्हा टोचली नाही, याचा आजही राग येतो.

आमचं घर धनजकडे. बा दुसऱ्याच्या वावरात मजुरी करायचा. दीक्षा घेतल्यानंतर आमच्या घरात पहिला मॅट्रिक मीच आणि पहिला सरकारी नोकरही मीच. नोकरी कच्ची होती, वर्षभरानं पक्की व्हायची. पण बानं तेवढी वाट पाहिली नाही. ज्याच्या वावरात निंदायला जाईल त्याला सांगायचा, "आमचं पोरगं सरकारात हाये." मी निघालो त्या दिवशी मला म्हणाला, "सरकारचं मीठ खाशीन तं खोटं लिहू नोको."

खोटं लिहायची वेळ पहिल्याच महिन्यात आली. रजिस्टरात एक रकाना होता, 'आढळलेले मासे'. माझ्या आधीचा रखवालदार सावलीत झोपून मनाला येईल तो आकडा ठोकायचा. मला ते जमेना. पण डोहाच्या तळाशी असलेले मासे मोजायचे कसे? मी काठानं येरझारा घालायचो, खडकावर पालथा पडून पाण्यात बघायचो, झाडावर चढायचो. सावल्या दिसायच्या आणि विरायच्या. शेवटी एक दिवस ज्वारीच्या पिठाचे गोळे करून नेले. काळ्या खडकावर काठीनं तीन ठोके द्यायचे आणि गोळे टाकायचे. पंधरा दिवसांत मासे ठोक्याला येऊ लागले. महिन्यानं तर काठी उचलली की पाणी हलायचं. मी एकेक मोजून रजिस्टरात मांडायचो आणि मोठा तीर मारल्यासारखा कडक सही करायचो.

एक मोठी मादी होती, शेपटीचं वरचं टोक फाटलेलं. ती सगळ्यात आधी यायची आणि माझ्या बोटांतून गोळा घ्यायची. तिचे ते जाड मऊ ओठ बोटाला लागले की मला हसू यायचं. दिवसभरात मी स्वस्थ बसायचो तो तेवढाच वेळ.

हे सगळं पाहणारा एक म्हातारा भोई होता. नदीपलीकडे त्याची झोपडी. मी त्याला मामा म्हणायचो, पण आमचा संबंध तसा गोड नव्हता. मी रुजू झालो त्याच आठवड्यात, मासे अंडी घालायला उथळ पाण्यात चढतात त्या जागी त्यानं जाळं लावलं होतं. मी ते जप्त केलं. वरून हुकूम आला की जाळा. मी जाळलं. त्याच्या बायकोनं दोन उन्हाळे बसून विणलेलं जाळं होतं ते. तो समोर उभा राहून बघत होता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी गोळे टाकताना त्यानं पाहिलं आणि पाण्यातून चालत अलीकडे आला.

"काय करून राह्यला रे?"

"मोजून राह्यलो, मामा."

"आमी पिढ्यान् पिढ्या मासे मारतो, पर आमच्यात मासोळीले हातानं चारत नाहीत. मासोळीपाशी दुसरं काय हाये? भेव हाये तेवढंच. तेच तू काढून घेऊन राह्यला."

मला वाटलं, जाळ्याचा राग काढतोय. मी म्हणालो, "तुमचं भेव हाये ना त्यायले, तेवढं पुरे." तो पाण्यातून परत पलीकडे गेला. मी स्वतःवर खूष झालो. चोराच्या उलट्या बोंबा, असंही मनात म्हणालो. अक्कल नसली की माणसाला म्हणी बऱ्या सुचतात.

थंडी सुरू होताना एके सकाळी जीप आली. खात्याचे साहेब उतरले. सोबत कचेरीतला शिपाई, जो दर महिन्याला रजिस्टर न्यायला यायचा. साहेबांच्या हातात विलायती गळ, खिशात परवाना. परवान्यावर सही त्यांचीच. मला तो कागद रीतसर दाखवला, मी रीतसर सलाम केला.

दोन तास साहेब गळ टाकत होते. एक मासा फिरकला नाही. मी पाठीमागे उभा होतो आणि माझे पाय जागेवर राहत नव्हते. न लागो, न लागो, एवढंच चाललं होतं मनात. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "तुझ्या रजिस्टरात तर डोह भरलेला आहे. की घरी बसून लिहितोस?"

मी तोंड उघडायच्या आत शिपाई बोलला, "नाई साहेब, याचे मासे पाळलेले हायेत. काठी वाजवली का येतात. म्या पाह्यलं."

"वाजव," साहेब म्हणाले.

"आज नाही यायचे साहेब. पाणी थंड आहे."

साहेब हसले. "तुला पक्कं करायचा कागद माझ्याच टेबलावर आहे ना?" आवाज चढवला नाही, धमकी वाटेल असं काही नाही, सहज विचारल्यासारखं. मला बा दिसला, वावराच्या धुऱ्यावर उभा राहून कुणाला तरी सांगताना. मी काठी उचलली आणि तीन ठोके दिले.

फाटक्या शेपटीची सगळ्यात आधी आली.

गळ लागल्यावर ती खूप वेळ झुंजली. सगळा डोह ढवळून काढला तिनं. शेवटी खडकावर आणली तेव्हा तोंड उघडत होती, मिटत होती. साहेबांनी फोटो काढवला. मग म्हणाले, पुन्हा वाजव. मी पुन्हा वाजवलं. परवाना एका माशाचा होता. जीपमध्ये तीन गेले. जाताना साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पुढच्या महिन्यात पाहुणे घेऊन येतो. चारत राहा." आठ दिवसांत नोकरी पक्की झाल्याचा कागद हातात पडला. घरी पत्र टाकायला हवं होतं, पण मला लिहवेना.

जीप गेल्यावर मी काठावर इकडून तिकडे चालत सुटलो होतो. भोई पलीकडून आला.

"माह्यं जाळं जाळलं तवा कायदा होता. आज कुठी गेला होता तो?"

"त्यायच्यापाशी परवाना होता, मामा."

"अन् मासोळीले वाचता येते का परवाना?"

मी रडलो. जवान माणूस, अंगात खाकी, आणि म्हाताऱ्यासमोर हुंदके देऊन रडलो. तो काठावर टेकला. मग म्हणाला, "रडून काय होते? तूच चारलं, आता तूच भेव शिकव. ठोके दे, अन् आले का गोटे मार."

दुसऱ्या दिवसापासून मी तेच केलं. तीन ठोके. मासे वर आले की मूठभर गोटे. पहिल्या दिवशी ते पांगले आणि लगेच परत आले. त्यांना वाटलं असेल, आज गोळे जरा कडक आहेत. मी पुन्हा मारले.  पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत मोठे यायचे थांबले, पण एक लहानसा मासा काही केल्या ऐकेना. ठोका पडला की हजर. त्याला मी नाही नाही त्या शिव्या दिल्या, पाण्यात उतरून काठी आपटली. तो माझ्या पायाशी येऊन तोंड उघडून थांबला. एक गोटा त्याला लागला. कडेला कलला, मग सावरून खाली गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. जगला की मेला, मला माहीत नाही.

महिना संपला. रकान्यासमोर मी पेन धरून बसलो. काही नसेल तर सरकारी कागदावर 'निरंक' लिहायची पद्धत आहे. मी लिहिलं, निरंक. आधीच्या महिन्याचा भरगच्च आकडा वरच्याच ओळीत होता, तरी लिहिलं आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा वाकडी आली.

साहेब पाहुण्यांना घेऊन आलेच. दोन जीपा, सतरंजी, जेवणाचे डबे. रजिस्टर त्यांनी बाजूला ढकललं. "वाजव."

मी वाजवलं.  पाणी हललं नाही. "पुन्हा." पुन्हा वाजवलं. पाहुणे पुढे झुकून बघत होते. तेवढ्यात खडकाच्या बुडाशी एक सावली सुटली आणि वर येऊ लागली. माझ्या छातीचे ठोके काठीपेक्षा मोठे झाले. नको येऊ. बाबा, नको येऊ. सावली हातभर पाण्याखाली थांबली, वळली आणि तळाला गेली. माझ्याशिवाय ती कुणाला दिसली नाही.

संध्याकाळपर्यंत गळ टाकूनही काही लागलं नाही. पाहुण्यांपुढे साहेबांचं हसं झालं होतं. पण मला म्हणणार काय? रजिस्टरात निरंक लिहिलेलंच होतं. थोड्याच दिवसांत पत्र आलं. सदर डोहात संरक्षित मासा शिल्लक नसल्याने रखवालदाराचे पद रद्द करण्यात येत आहे. पक्की नोकरी पक्की उडाली. निघताना मी भोयाला विचारलं, "मामा, आता तुमी?"

"मी खाईन एखादा कधीमधी," तो म्हणाला. "पर बाजारात नाही नेणार. अन् कोणाले सांगणार नाही."

तेवढं मला पुरलं.

घरी बाला मी सगळं खरं सांगितलं. तो ऐकत होता तोवर चिलीम विझली. "मासे वाचले," तो म्हणाला, "अन् आपण?"  मग तो चिडला. बहिणीचं लग्न काढायचं होतं, घरावर टिना टाकायच्या होत्या, हे सगळं त्यानं एका दमात ऐकवलं आणि शेवटी म्हणाला, "मी तुले खोटं लिहू नोको म्हणलं होतं." त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी अंगणात फिरत राहायचो. आई म्हणायची, बस रे एका जागी.

पाचव्या दिवशी त्याच्याबरोबर मजुरीला गेलो. उभी तूर विळ्यानं सोंगायची होती. खाकी शर्ट तेवढाच धड होता, तोच घातला होता. वावराचे मालक बांधावर उभे होते. मासे संपले म्हणून माझी नोकरी गेली, हे त्यांच्याही कानावर होतं. माझ्याकडे पाहून हसले आणि सगळ्या मजुरांना ऐकू जाईल असे म्हणाले, "काय साहेब, कसे हायेत मंग तुमचे मासे?"

बायका खुदखुदल्या. माझी कानशिलं तापली. मी विळा घट्ट धरून मान खाली घातली.

बा दोन ओळी पलीकडे वाकला होता. तुरीची पेंढी खाली ठेवून तो सरळ उभा राहिला. मालकासमोर तो कधी मान वर करून बोललेला मी पाहिला नव्हता.

"बरे हायेत," बा म्हणाला. "जित्ते हायेत."