कानाला लावलेलं पाकीट

मी चिपळूणला रिकामं पाकीट पाठवलं. तेही साध्या टपालाने नाही, कुठवर पोचलं ते फोनवर दिसेल अशा टपालाने.

मी जुने फोटो आणि कार्डं ऑनलाइन विकतो. त्यांत चिपळूणच्या एका बाईंना त्यांचे वडील सापडले. घरातले सगळे फोटो पुरात गेलेले. आता हा एकच.

आमच्या टपालाच्या खिडकीवरचे गृहस्थ प्रत्येक पाकीट काट्यावर ठेवण्याआधी कानाला लावतात. तेवढा वेळ त्यांची पापणी हलत नाही आणि रांगही गप्प होते. माझं पाकीट ऐकून ते म्हणाले, "ह्यात कोणी नाही हो."

"तुम्ही पाठवा तर खरं!" मी हसलो. शिवाय ह्यांचं डोकं सरकलंय, असं मागच्याला खुणेने सांगितलं.

पाकीट सुखरूप पोचलं. फोनवर तसं दिसलं आणि पाठोपाठ बाईंचा रडवेला आवाज आला, "बाबा कुठायत?"

बाबा माझ्या टेबलावर पुठ्ठ्याखाली पालथे पडले होते.

दुसऱ्या दिवशी मी फोटो घेऊन गेलो. पाकीट पिशवीतून काढायच्या आतच ते गृहस्थ उठून उभे राहिले, कोणी वडीलधारं आत आल्यासारखे. मग पाकीट कानाला लावून बराच वेळ "हूं, हूं" करत राहिले.

"काय म्हणतात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी शांतपणे शिक्का मारला.

"लेकीकडे न्या म्हणतायत. आणि ह्या खुळ्याच्या हातात पुन्हा देऊ नका."